कबूतर की पारवा?

1986 साल. मी पाचवीत होतो. मराठीच्या तासाला 'माझा आवडता पक्षी' हा निबंध लिहून आणायचा होता. वर्गातल्या बहुतेकांनी मोर लिहिला, काहींनी पोपट. मोरावर लिहिलं की मार्क पडतात हे सगळ्यांनाच माहीत होतं. मी कबुतरावर लिहिलं. आमच्या घरी कबुतरं होती आणि मला त्यांच्याबद्दल खरोखरच काही सांगायचं होतं. कुठलं कबूतर भांडखोर आहे, कुठलं पावसात भिजून आलं की उपाशी बसतं, अंड्यावर दिवसा नर बसतो आणि रात्री मादी, असं सगळं त्यात होतं.

वही परत आली तेव्हा पानभर लाल गोल होते. मी मोजले, अकरा. जिथं जिथं 'कबूतर' लिहिलं होतं तिथं तिथं गोल, आणि वर सरांच्या सुंदर अक्षरात 'पारवा'. खाली दहापैकी सहा.

सर रागावले नव्हते. त्यांनी मला टेबलाजवळ बोलावलं आणि शांतपणे म्हणाले, "निबंध छान लिहिलायस. पण कबूतर हा तुमच्याकडचा शब्द. शुद्ध मराठीत पारवा म्हणायचं. लक्षात ठेव."

या सरांबद्दल आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा गैरसमज होईल. माझं आज जे काही मराठी आहे ते त्यांनी दिलेलं आहे. शाळेच्या कपाटातली पुस्तकं ते मला घरी न्यायला द्यायचे. माझ्या वडिलांना त्यांनी दोनदा बोलावून सांगितलं होतं की या पोराला कामाला लावू नका, शिकू द्या. त्यांच्या मनात माझ्याविषयी वाकडं काही नव्हतं, आणि म्हणूनच तो शब्द इतकी वर्षं रुतून राहिला असावा. 'तुमच्याकडचा'. दुष्ट माणसानं म्हटलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी विसरलो असतो.

आमचं गाव मिरजेजवळ, कृष्णेच्या काठचं. अब्बा गवंडी. घरात दखनी बोलायची आणि उंबऱ्याबाहेर मराठी, अशी आमच्याकडच्या बहुतेक मुसलमान घरांची रीत. दोन भाषांच्या मधला उंबराही तसा फार उंच नाही. आमच्या दखनीत 'मैंच गया था', 'उनेच बोला' असं जे ठासून बोलतात, त्यातला 'च' मराठीचाच आहे. लखनौचा माणूस तो ऐकून हसतो. आम्हाला मात्र त्याच्याशिवाय वाक्य पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

संध्याकाळी अब्बा कामावरून आले, हातपाय धुतले, आणि नेहमीप्रमाणे माळवदावरच्या ढाबळीकडं गेले. मी वही घेऊन मागोमाग. ढाबळ म्हणजे जुन्या खोक्यांच्या फळ्यांची त्यांनी स्वतः ठोकलेली. तीत पंधरा-वीस कबुतरं. दोन पांढरे लक्के, पंख्यासारखी शेपटी पसरून चालणारे. एक लोटन, जे उडायचं सोडून जमिनीवर कोलांट्या खायचं. बाकी गिरेबाज. अब्बा बाजरीची मूठ हातात घोळवत "आ, आ, आ" करायचे आणि आभाळातल्या ठिपक्यांची कबुतरं होऊन खाली यायची.

मी वही दाखवली. अब्बांना मराठी वाचता यायचं, सावकाश. त्यांनी सगळा निबंध वाचला, लाल गोलांकडं पाहिलं आणि म्हणाले, "अरे, दोनोंच हैं ना अपने पास."

मग त्यांनी घराची मागची भिंत दाखवली. गवंडीकाम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना ठाऊक असेल. भिंत उंच चढायला लागली की परांची बांधतात. परांचीचे आडवे वासे भिंतीत खोचायला मधून मधून भोकं ठेवावी लागतात. काम संपलं की वासे काढायचे आणि भोकं बुजवायची. अब्बांनी आमचं घर स्वतः बांधलं तेव्हा मागच्या भिंतीतली पाच-सहा भोकं बुजवलीच नाहीत. तिथं पारवे राहायला आले होते. राखाडी अंग, मानेवर हिरव्या-जांभळ्या रंगाची झाक, पंखांवर दोन काळे पट्टे. दिवसभर घुमायचे.

"ते पारवे," अब्बा म्हणाले. "ही कबुतरं. आपणहून येतो तो पारवा. सोडलं तरी परत येतं ते कबूतर."

पक्षीशास्त्रात दोन्ही एकच. शास्त्रीय नाव 'कोलंबा लिव्हिया'. माणसानं हजारो वर्षांपूर्वी कड्याकपारीतला हा पक्षी धरला, पाळला, त्याच्या नाना जाती केल्या. लक्का काय आणि लोटन काय, सगळे त्या एका राखाडी पारव्याचे वंशज. अब्बांना हे शास्त्र माहीत नव्हतं, पण त्यांची व्याख्या आमच्या गावात सगळ्यांचीच होती. विहिरीच्या कपारीत, देवळाच्या शिखरावर, दर्ग्याच्या घुमटात राहतो तो पारवा. माणसाच्या हातून दाणा खातं ते कबूतर. दोन्ही शब्द रोजच्या वापरातले, दोघांची कामं वेगळी. सरांनी मात्र एकाला पास केलं होतं आणि दुसऱ्याला नापास.

त्यानंतर मी शाळेत कधी 'कबूतर' लिहिलं नाही. शाळेतच कशाला, कॉलेजातही लिहिताना हात अडखळायचा. प्रत्येक शब्दाआधी मनात एक चौकी बसली होती: हा आपल्याकडचा की त्यांच्याकडचा? माझ्यासारख्या अनेकांच्या मनात ती असते. स्टेजवर बोलताना आम्ही 'पाणी' नीट उच्चारतो, 'ळ' आणि 'ण' जरा जास्तच नीट उच्चारतो. मग कोणीतरी येऊन कौतुकानं म्हणतं, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" आम्ही "थँक्यू" म्हणतो. जन्मापासून ज्या भाषेत राहिलो, तीत छान राहतो म्हणून आभार मानतो.

नोकरीला लागल्यावर हाताशी चार पैसे आले आणि मला कोश विकत घ्यायचा नाद लागला. जुन्या पुस्तकांच्या दुकानात पहिल्यांदा मोल्सवर्थचा मराठी कोश हातात आला. 1831 साली निघालेला, 1857 साली वाढवून पुन्हा छापलेला. त्यात शब्दासमोर तो मूळचा कुठला याची खूण असते: संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्थानी. तो चाळताना मला पहिल्यांदा समजलं की सरांच्या वर्गात कितीतरी पाहुणे बसलेले होते. हजेरी, खुर्ची, कागद, दप्तर, शाई. सरांनी माझं 'कबूतर' ज्या शाईनं आणि ज्या कागदावर खोडलं, ती शाई आणि तो कागदही फारसीच्या वाटेनं आलेला. मला हसू आलं.

मग मी कबुतराच्या मागं लागलो. जे हाती लागलं ते असं.

फारसीत 'कबूद' म्हणजे निळसर, करडा. त्याच घरातला शब्द 'कबूतर', म्हणजे त्या रंगाचा पक्षी. हा रंग आणि हा पक्षी संस्कृतातही असाच एकत्र राहतो. 'कपोत' म्हणजे कबूतर आणि 'कपोत' म्हणजे करडा रंगही. कपोत आणि कबूतर ही दोन भावंडं आहेत. एकानं दुसऱ्याकडून उसनं घेतलेलं नाही. संस्कृत आणि जुनी इराणी या एकाच कुळातल्या भाषा, आणि घर वेगळं झाल्यावर दोघींचे उच्चार वेगळे होत गेले. आपल्याकडचा 'प' तिकडं 'ब' झाला. संस्कृतात पाण्याला 'आप', फारसीत 'आब'. गुलाब आणि पंजाब यांच्या शेवटी तेच पाणी आहे. संस्कृतात रात्रीला 'क्षपा' म्हणतात, फारसीत 'शब'. आमच्याकडं शब-ए-बरातला हलवा होतो, ती 'शब' म्हणजे कालिदासाच्या भाषेतली क्षपाच. तसाच कपोतातला 'प' तिकडं 'ब' झाला.

इराणात शूश इथं दारयवहु बादशहाच्या राजवाड्याचा शिलालेख सापडला आहे. हा बादशहा इसवी सनापूर्वी 522 ते 486 या काळातला. वाडा कुणी बांधला, कुठून काय आणलं, याची त्यात यादी आहे. देवदाराचं लाकूड लेबनॉनचं, सोनं सार्डिस आणि बाख्तरचं. हस्तिदंत कूश, सिंध आणि अराकोसियाचा. दगड घडवणारे ग्रीक, विटा करणारे बॅबिलोनचे. या यादीत एक निळा दगड आहे, सुग्दहून आणलेला, ज्याला आपण लाजवर्द म्हणतो. शिलालेखात त्या दगडाच्या रंगासाठी शब्द आहे 'कपौतक', कबुतराच्या जातकुळीचा. ही यादी वाचताना मला अब्बांच्या खिशातली छोटी वही आठवली. तीतही असंच असायचं: वाळू कुणाची, वीट कुठल्या भट्टीची, मजूर कोण कोण.

आता पारवा. पारवा आला संस्कृत 'पारावत'वरून, प्राकृताच्या वाटेनं घासत घासत. गुजराती माणूस त्याच शब्दाला 'पारेवुं' म्हणतो. पारवासुद्धा मराठीत रंग आहे. आमच्या शेजारच्या काकूंचं एक पारवा रंगाचं लुगडं होतं, राखाडीत निळं मिसळल्यासारखं. लॅटिन 'लिव्हिया'तही तीच निळसर करडी छटा आहे. इराणी, संस्कृत, मराठी, लॅटिन, सगळ्यांनी या पक्ष्याकडं पाहिलं आणि सगळ्यांना आधी त्याचा रंगच दिसला, याची मला गंमत वाटते.

पण खरी गंमत पुढं आहे. संस्कृतच्या कोशात 'पारावत' या शब्दाखाली 'पारवा पक्षी' हा अर्थ आहे, आणि त्याच शब्दाखाली एक जुना वैदिक अर्थही आहे. 'परावत्' म्हणजे दूरचा प्रदेश; त्यावरून पारावत म्हणजे दूरवरून आलेला, परका.

मी कोश मिटला आणि बराच वेळ तसाच बसलो. सरांनी ज्याला घरचा म्हणून शिक्का दिला होता त्याच्या जुन्या नोंदीत 'परका' असं लिहिलं होतं, आणि ज्याला बाहेरचा म्हणून अकरा वेळा खोडलं होतं तो कपोताचा सख्खा भाऊ निघाला होता.

खोटं कशाला बोलू, मला विजय झाल्यासारखं वाटलं. पानांच्या झेरॉक्स काढल्या, पिवळ्या पेननं ओळी रंगवल्या, आणि रविवारी एसटीनं गावी गेलो. सर निवृत्त होऊन खूप वर्षं झाली होती, ऐंशी ओलांडली होती. भिंग घेऊन त्यांनी सगळं वाचलं, अगदी निबंध तपासावा तसं. मग त्या निबंधाची आठवण मी करून दिली. त्यांना तो आठवत नव्हता. मला अकरा गोल पाठ होते आणि त्यांना काहीच आठवत नव्हतं. पण ते मोकळेपणानं हसले.

"म्हणजे मी तुझे चार मार्क उगाच कापले म्हण की. वाढवून देऊ का आता?"

"द्या की सर."

"दिले. दहापैकी दहा." मग पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं बघ. म्हणजे कबूतरही आपलंच निघालं."

चहा झाला. त्यांनी वर्गात सांगितलेली शिबी राजाची गोष्ट निघाली. ससाण्याच्या भीतीनं कपोत राजाच्या मांडीवर येऊन पडतो, आणि त्याला वाचवायला राजा स्वतःचं मांस कापून तराजूत घालतो. मी त्यांना आमच्या दादीची गोष्ट सांगितली. हिजरतच्या वेळी पैगंबर साहेब आणि हजरत अबू बकर सौरच्या गुहेत थांबले होते. शत्रू माग काढत तोंडाशी आले, तर तिथं कोळ्याचं जाळं आणि कबुतराचं घरटं. इथं माणूस गेला असता तर हे मोडलं असतं, असं म्हणून ते परत फिरले. कुराणात गुहेचा उल्लेख आहे; जाळं आणि घरटं परंपरेनं सांगितलेलं आहे. दादीला हा फरक माहीत नव्हता आणि तिला त्याची गरजही नव्हती. कुणी गलोल उचलली की ती ओरडायची, "इनकू नक्को मारो रे!" सरांना गोष्ट आवडली. म्हणाले, "तुझ्या दादीच्या गोष्टीत कबूतर आसरा देतं, माझ्या गोष्टीत मागतं."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो आणि आनंद हळूहळू ओसरायला लागला. सरांचं वाक्य डोक्यात फिरत होतं. 'आपलंच निघालं'. म्हणजे संस्कृतशी नातं सापडलं म्हणून कबूतर पास झालं. नसतं सापडलं तर? अरबीत कबुतराला 'हमाम' म्हणतात. समजा अब्बा तेच म्हणत असते, आणि त्याचा कपोताशी काही संबंध नसता, तर ते अकरा गोल बरोबर ठरले असते का?

म्हणजे मी काय केलं होतं? खोडणाऱ्याचाच नियम मान्य करून त्या नियमाप्रमाणे आपला शब्द पास करून घेतला होता.

आणि हे मी शब्दांच्याच बाबतीत करतो असं नाही. आपण सगळेच करतो. कुणी 'बाहेरचे' म्हटलं की आपलं उत्तर तयार असतं: आम्ही इथलेच, आमचे पूर्वज इथलेच, फक्त धर्म बदलला. पुरावा म्हणून आडनावं सांगतो, गावकीतली कामं सांगतो. तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, शिकलगार, मुलाणी. हे सगळं खरं आहे. पण कोकणात अरब व्यापाऱ्यांशी नातं सांगणारी घराणी आहेत. त्यांचं काय करायचं? त्यांचा एखादा पूर्वज गलबतातून उतरला असेल, तर शेकडो वर्षं इथली बोली बोलून, इथल्या खाडीत होडी घालून, इथल्या मातीत माणसं पुरूनही ते कमी इथले? मूळ इथलं म्हणून मी आपला, असं म्हणताना ज्याचं मूळ इथलं नाही त्याला मी दाराबाहेर उभं करतो, हे इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

कबूतर मराठी आहे, पण कपोताचा भाऊ म्हणून नाही. मराठी माणसं त्याला शेकडो वर्षं कबूतर म्हणत आली, म्हणून ते मराठी आहे. फारसीत शब्दांना लिंगच नसतं. उर्दूत 'कबूतर' पुल्लिंगी. मराठीनं त्याला घरात घेतलं आणि 'ते कबूतर' केलं, अंगण आणि घरटं यांच्या पंगतीला बसवलं. 'कबुतरं', 'कबुतरांची', 'कबुतरासारखं' असे आपले प्रत्यय लावले. याहून मोठा दाखला आणखी काय हवा? 2025 साली मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा वाद पेटला. दाणे टाकू द्या म्हणणारे भांडले, आजार पसरतात म्हणणारे भांडले, कोर्टकचेरी झाली. पण दोन्ही बाजूंपैकी कुणालाही 'कबुतरखाना' हा शब्द परका वाटला नाही. भांडायलासुद्धा एक सामाईक शब्द लागतो, आणि तो तिथं आधीच होता.

मराठीत फारसीचं सर्वांत मोठं काम ज्यांनी केलं ते माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन. फारसीचे प्राध्यापक. 1925 साली त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला. गझल त्यांनी मराठीत रुजवली. पुढं तेच भाषाशुद्धीच्या बाजूला गेले आणि स्वतःच्या कवितेतले फारसी शब्द काढायला बसले. पूर्वी मला याचा राग यायचा. आता वाईट वाटतं. ज्या घराची प्रत्येक वीट त्यांना नावानिशी माहीत होती, त्यातल्याच विटा ते निवडून काढत होते.

अब्बांना जाऊन आता सहा वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत ढाबळ रिकामी झाली होती. कबुतरं दोस्तांना देऊन टाकली. मागच्या भिंतीतले पारवे मात्र होते. शेजारच्या काकू म्हणायच्या, घरात पारवे घुमणं चांगलं नाही, घर ओस पडतं. ही भीती फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात घरात आलेल्या कपोतावर एक आख्खं सूक्त आहे. त्यात त्याला अनिष्टाचा दूत मानलंय, आणि तरी हा आलेला पक्षी आम्हाला शुभ ठरो अशी प्रार्थनाही केली आहे. दारात कुणी आला की माणसाला आधी भीती वाटते, ही गोष्ट तेव्हापासूनचीच दिसते.

गेल्या हिवाळ्यात घराचा गिलावा काढला. मागची भिंत पार फुगली होती. मिरजेच्या एका ठेकेदारानं माणसं पाठवली. त्यात एक पंचविशीतला गवंडी होता, मुर्शिदाबादचा. थापी हातात धरायची त्याची पद्धत पाहून मला अब्बा आठवले. पहिल्याच दिवशी, मी काही विचारायच्या आत, त्यानं शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची एक पिशवी काढली. आत आधार कार्ड, मतदान ओळखपत्र आणि ठेकेदाराची चिठ्ठी. मी मागितलं नव्हतं. पण कुणीतरी मागणारच हे त्याला पाठ झालं होतं. संध्याकाळी गल्लीतल्या एकानं हळूच विचारलंच, "कागद बघितलेस ना त्याचे? बंगाली बोलतोय म्हणून म्हटलं. आजकाल बाहेरून येतात."

विचारणारा आपल्यातलाच होता. जुम्म्याला माझ्याच रांगेत उभा राहणारा.

तिसऱ्या दिवशी त्या पोरानं परांचीवरून हाक मारली. "दादा, इधर पायरा का बासा है. बंद करूँ क्या?"

बासा म्हणजे घरटं हे मला समजलं. दुसरा शब्द मी पुन्हा विचारला.

"पायरा," त्यानं भोकाकडं बोट दाखवलं. आत राखाडी मान हलत होती.

पायरा. पारावताचं बंगालीतलं रूप. जो शब्द मी लिहावा म्हणून सरांनी अकरा गोल केले, तो हा मुर्शिदाबादचा मुसलमान पोरगा जन्मापासून बोलत होता. त्याला कुणी तो शिकवला नव्हता, आणि त्याबद्दल त्याला मार्कही मिळाले नव्हते.

"तुमच्याकडं कबूतर नाही म्हणत?" मी विचारलं. हिंदीत विचारलं, पण त्यात 'च' शिरलाच असणार.

"वो भी बोलते हैं," तो म्हणाला. "दोनों बोलते हैं, दादा."

मी त्याला सांगितलं, बाकीची भोकं भर, ते एक राहू दे. त्यानं भोकाच्या कडेनं गिलाव्याची नीट पट्टी ओढली, आत पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून वरच्या बाजूला बोटभर छज्जा काढला, आणि खाली उतरला. अब्बांनाही हा छज्जा सुचला नव्हता.